लाइनवर रोज चालणारा माणूस परत द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो आला होता, मुख्य जलवाहिनी फुटलीय, पाण्याचा फवारा विजेच्या खांबाच्या वर गेलाय, खाली पोरं भिजताहेत आणि बाया हंडे घेऊन पळताहेत. बातमीत लिहिलं होतं की लाइन 'अचानक' फुटली. बातमी खोटी नाही, पाणी खरंच वाया गेलं आणि लोकांचे हाल झाले हेही खरं. पण त्या 'अचानक' शब्दापाशी मी अडकलो, दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र लिहितोय. मी सिव्हिल इंजिनीयर आहे, 28 वर्षं मोठ्या पाण्याच्या लाइनींच्या देखभालीत गेली, आता रिटायर आहे. शहराचं आणि खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणा एकाकडे बोट दाखवायचं नाही आणि खान्देशात जिथे जिथे लांबून पाइपाने पाणी येतं तिथे थोड्याफार फरकाने हेच चाललंय.

आपल्याकडे पाणी लांबूनच येतं. तापी मोठी नदी खरी पण तिचं पात्र खोल, दोन्हीकडे मातीच्या उंच दरडी, आणि गावं वर. म्हणजे नदी उशाशी असली तरी पाणी पंपाने चढवल्याशिवाय येत नाही. हतनूर धरण आहे, 41 दरवाजांचं, गिरणा आहे, वाघूर आहे, अक्कलपाडा आहे, खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशाचे बॅरेज आहेत. जळगाव वाघूरवर जगतं, नंदुरबारला विरचक धरणाचा आधार, धुळ्याला तापीवरून लाइन आलीय. धरण भरलं की सगळे बघायला जातात, फोटो काढतात, जलपूजन होतं, खणा-नारळाने ओटी भरतात आणि ते योग्यच आहे. पण धरणापासून तुमच्या मोरीतल्या नळापर्यंत जो पाइप जमिनीखालून येतो तो कोणी बघत नाही, तो फुटतो तेव्हाच दिसतो.

मी ज्या लाइनवर सगळ्यात जास्त वर्षं होतो ती साधारण 40 किलोमीटरची, 900 मिलिमीटरची, म्हणजे चार-पाच वर्षांचं पोर आत वाकून चालू शकेल एवढी. नदीवर जॅकवेल, म्हणजे पंपाने पाणी उपसायची विहीर, तिथून फिल्टर प्लांट, आणि तिथून शुद्ध पाणी शहराच्या टाक्यांपर्यंत. अशा पाइपाच्या फक्त 1 किलोमीटरमध्ये 6 लाख 36 हजार लिटर पाणी मावतं. अख्खी लाइन भरलेली असते तेव्हा तिच्या पोटात अडीच कोटी लिटर पाणी चालत असतं, रात्रंदिवस, वावरांखालून, नाल्यांखालून, रस्त्यांच्या कडेने. एवढं वजन एवढ्या दाबात रोज पळतंय आणि वर माणूस कोणी नाही, याचा विचार केला की मला आजही झोप लागत नाही.

आधी माणूस होता. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या लाइनवर 5 जण फक्त चालायला होते. त्यांचं काम एवढंच, सकाळी निघायचं, आपल्या वाट्याचे 8 किलोमीटर चालायचे, प्रत्येक चेंबर उघडून बघायचं, संध्याकाळी वहीत लिहून द्यायचं. कोणी शिकलेलं नव्हतं फार. त्यातल्या एकाला आम्ही सगळे आप्पा म्हणायचो, माझ्यापेक्षा वयाने मोठे, धोतर, डोक्याला उपरणं, हातात एक लोखंडी सळई. मी नवीन जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनीयर, डिग्रीची ऐट होतीच, मला वाटायचं हे काय काम आहे. पहिल्याच महिन्यात आप्पांनी मला रात्री अडीचला एका चेंबरवर नेलं, सळईचं एक टोक व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर टेकवलं, दुसरं माझ्या कानाला लावलं आणि म्हणाले, "ऐका साहेब, आठे हवा बोली ऱ्हायनी." म्हणजे इथे हवा बोलतेय. मला नुसती खरखर ऐकू आली. त्यांना त्यात हवा कुठली आणि गळती कुठली हे वेगवेगळं ऐकू यायचं. हवा असली की गुडगुड, गळती असली की बारीक न थांबणारा सूं आवाज. रात्रीच जायचं कारण तेव्हा रस्ता शांत असतो आणि शहरातला वापर कमी असल्याने लाइनमध्ये दाब चढलेला असतो. हे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, मी आप्पांकडून शिकलो आणि मरेपर्यंत विसरणार नाही.

लाइन बोलते हो, खरंच बोलते. वैशाखात सगळं वावर भाजून निघालेलं असताना मधेच एका ठिकाणी हराळी हिरवीगार दिसली, लव्हाळा उगवला, तिथे बगळे बसायला लागले, की समजायचं खाली जॉइंट ओला झालाय. पावसाळ्यात हे कळत नाही, सगळीकडेच पाणी असतं, मग त्या डबक्यातलं पाणी बाटलीत घेऊन क्लोरीन टेस्ट करायची, रंग आला तर ते आपलं शुद्ध केलेलं पाणी, नाही आला तर पावसाचं. आपली काळी माती हे तर वेगळंच प्रकरण. उन्हाळ्यात ती फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृग लागला की पाणी पिऊन फुगते. दरवर्षी ती पाइपाला एकदा सोडते आणि एकदा दाबते. म्हणून पाइपाखाली-भोवती चांगला मुरूम किंवा वाळू भरायची असते, पण जिथे काम घाईत झालं तिथे काळ्या मातीतच पाइप ठेवून वरून बुजवलेला असतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी तिथलेच जॉइंट सरकतात. कुठल्या वावरात असं झालंय ते आप्पांना पाठ होतं, नकाशात ते कुठेही नव्हतं.

छोट्या गळतीला लोक हसतात, एवढीशी धार, काय होतं. हिशोब करून बघा. 5 किलो दाबाच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो) लाइनला नुसतं 10 मिलिमीटरचं भोक, म्हणजे पेन जाईल एवढं, त्यातून दिवसाला सव्वा लाख लिटर पाणी जातं. शहरात माणशी 135 लिटर धरतात, म्हणजे नऊशेच्या वर माणसांचं रोजचं पाणी एका पेनाएवढ्या भोकातून गेलं. आणि ते पाणी फुकटचं नाही, शुद्ध केलेलं आहे, दीडशे मीटर चढवलं असेल तर त्याला रोज 80 युनिटच्या आसपास वीज लागलेली आहे. अशी 10 भोकं 40 किलोमीटरमध्ये असणं काहीच विशेष नाही.

आता त्या 'अचानक' शब्दाने मला जो जुना प्रसंग आठवला तो सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, 3 दिवस होते. आखाजी म्हणजे आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, लेकी माहेरी आलेल्या, झाडाला झोके, घरोघर पाहुणे, पुरणपोळीची तयारी आणि पितरांची घागर भरायची. पाणी सगळ्यात जास्त लागतं तो आठवडा, आणि ऊन 43-44 च्या पुढे. तोपर्यंत आमच्या 5 चालणाऱ्यांपैकी एकच उरला होता, बाकी एकेक रिटायर होत गेले, आप्पा तर केव्हाच, आणि जागा भरल्या नाहीत. मी पत्रं दिली होती, माझ्याकडे त्यांच्या प्रती आहेत, उत्तर यायचं की निधी नाही, किंवा आता गाडी दिलीय ना, गाडीने फिरा. गाडी डांबरी रस्त्याने जाते, लाइन वावरातून जाते.

आमच्या लाइनला एका ठिकाणी 45 अंशाचा बेंड होता. पाइपातलं पाणी वळतं तिथे ते पाइपाला बाहेरच्या बाजूला ढकलतं. 900 च्या पाइपाला 10 किलो दाबात अशा बेंडवर 48 टनांच्या वर जोर येतो, ऊस भरलेले तीन-चार ट्रॅक्टर एका कोपऱ्यावर रेटताहेत असं समजा. हा जोर धरायला बेंडच्या पाठीमागे काँक्रीटचा मोठा ठोकळा असतो, थ्रस्ट ब्लॉक म्हणतात त्याला, आणि त्या ठोकळ्याला धरून ठेवते त्याच्या मागची माती. माती काढली की ठोकळा नुसता पडून असतो. तर झालं असं की जवळच रस्ता रुंदीकरण चाललं होतं, आणि तिथल्या ठेकेदाराच्या जेसीबीने भरावासाठी मुरूम काढला तो नेमका आमच्या ठोकळ्याच्या मागून. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की खाली काय आहे, खालून लाइन जाते हे दाखवणारा दगड केव्हाच कोणीतरी उपटून नेला होता. 3 दिवस ठोकळ्याची पाठ उघडी होती. 3 दिवस! आधीचे दिवस असते तर पहिल्याच सकाळी त्या वाट्याचा माणूस जेसीबीसमोर उभा राहिला असता. मी स्वतः त्या आठवड्यात ऑफिसात टंचाईच्या मीटिंगांमध्ये होतो, लाइनवर गेलो नाही. ती माझी चूक आहे आणि मला तिचं वाईट आजही वाटतं.

चौथ्या रात्री पावणेबाराला हेडवर्क्सची, म्हणजे नदीवरच्या पंपघराची, वीज गेली. पंप एकदम थांबले. आता एवढं मोठं पाणी पळत असताना मागून ढकलणारा पंप अचानक बंद पडला की पाणी लगेच थांबत नाही, पुढे जातं, मागे पोकळी पडते, मग ते उलटं येऊन बंद व्हॉल्व्हवर आपटतं. याला वॉटर हॅमर म्हणतात आणि हातोडा हा शब्द अगदी बरोबर आहे. पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर असेल आणि तो एकदम थांबला तर लोखंडी पाइपात 100 मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब, म्हणजे 10 किलो, नेहमीच्या दाबावर आणखी चढू शकतो. ही लाट सेकंदाला हजार मीटरच्या आसपास धावते, 40 किलोमीटरची लाइन पाऊण मिनिटाच्या आत गाठते. त्यासाठी स्पेशल व्हॉल्व्ह असतात, एअर व्हेसल म्हणजे दाबाखालच्या हवेची टाकी असते, आणि ते चालू असतील तर लाट मऊ होते. आमचे काही चालू होते, काही नव्हते. लाट आली, उघड्या पाठीचा ठोकळा सरकला, बेंड जॉइंटमधून बाहेर आला.

मला फोन आला तो खात्यातून नाही, एका शेतकऱ्याचा आला, रात्री दोनला. त्याचा काढलेला कांदा वावरात पडलेला होता, निम्मा वाहून गेला होता. तो माणूस ओरडला नाही, फक्त म्हणाला, भाऊसाहेब लवकर या. मी गेलो तेव्हा त्याची बायको आणि दोन पोरं बॅटरीच्या उजेडात चिखलातून कांदे वेचत होती. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

पुढचे 38 तास आम्ही त्या खड्ड्यात होतो. पहिली अडचण म्हणजे पाणी थांबेना, कारण वरचा व्हॉल्व्ह अर्ध्यात जाम. मोठे व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा तरी पूर्ण फिरवायचे असतात, नाहीतर आत गंज आणि गाळ बसतो, पण त्यासाठी शटडाऊन लागतो आणि शटडाऊन कोणी देत नाही, कारण शटडाऊन म्हटलं की दुसऱ्या दिवशी मोर्चा. मग त्याच्या पलीकडचा व्हॉल्व्ह बंद केला, म्हणजे आणखी काही किलोमीटरची लाइन खाली करावी लागली, नाल्यातला स्कोअर, म्हणजे लाइन रिकामी करायचा व्हॉल्व्ह, उघडला तरी पाणी संपायला पहाट झाली. स्टोअरमध्ये तेवढा बेंड नव्हता. प्लेट कापून बेंड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवाल्याने रात्रीतून वेल्डिंग करून दिला, त्याने आखाजीच्या सुट्टीची माणसं परत बोलावली त्यासाठी. पोकलेन, क्रेन, दोन मड पंप, आणि माझे फिटर, ज्यांच्या घरीही पाहुणे आलेले होते. दुपारी त्या खड्ड्यात वाऱ्याची झुळूक नाही, पाइप हात लावू देत नाही एवढा तापलेला. ज्या शेतकऱ्याचा कांदा गेला त्याच्याच घरून कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आला. दोन्ही वेळा.

पाइप जुळला म्हणजे पाणी आलं असं लोकांना वाटतं, तसं नसतं. रिकाम्या लाइनमध्ये पाणी एकदम सोडलं तर आतली हवा दाबली जाते आणि दुसरीकडे फुटते. हळूहळू चार्ज करावं लागतं, सेकंदाला 30 सेंटिमीटरच्या वेगाने, एकेका एअर व्हॉल्व्हपाशी माणूस उभा करून, हवा निघून पाण्याची धार लागली की तो फोन करतो आणि मग पुढे. या वेगाने 10 किलोमीटर भरायलाच 9 तास लागतात. त्यात नवीन काँक्रीटचा ठोकळा, त्याला पूर्ण ताकद यायला दिवस लागतात. आम्ही मागे लोखंडी गर्डर आणि वाळूची पोती रचली आणि पुढचे पंधरा दिवस एकाच पंपावर कमी दाबाने लाइन चालवली. तेव्हा पेपरात आलं, दुरुस्ती होऊनही पाणी कमी, अधिकाऱ्यांचा हलगर्जीपणा. तो पंप मी पूर्ण चालवला असता तर ठोकळा परत सरकला असता. हे सांगायला कोणी आलं नाही आणि मीही कोणाला सांगायला गेलो नाही, जायला हवं होतं.

आखाजीच्या दिवशी जुन्या गावात पाणी दुपारनंतर पोचलं. सकाळी एका टँकरपाशी मी उभा होतो, एका म्हाताऱ्या आजींनी मला विचारलं, पितरांची घागर टँकरच्या पाण्याने भरायची का रे भाऊ? मला उत्तर देता आलं नाही.

संपादक साहेब, मला सांगा यात अचानक काय होतं. जागा रिकामी राहिली ती वर्षानुवर्षं. दगड उपटला गेला तो कधीतरी. व्हॉल्व्ह जाम झाला तो हळूहळू. मुरूम निघाला तो 3 दिवस उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसमोर. फक्त बघणारा कोणी नव्हता.

आणखी एक गोष्ट, एअर व्हॉल्व्हची. हे लाइनच्या प्रत्येक चढावाच्या माथ्यावर असतात, आत एक गोळा तरंगतो, हवा आली की खाली जाऊन तिला वाट देतो, पाणी आलं की वर येऊन भोक बंद करतो. लाइन खाली होताना हाच व्हॉल्व्ह बाहेरची हवा आत घेतो, तो बंद असेल तर आत पोकळी होऊन पत्र्याचा पाइप चेपतोसुद्धा. उन्हाळ्यात हे व्हॉल्व्ह फोडले जातात, दगड घालून. तुमच्या पेपरात 'समाजकंटक' असा शब्द येतो. मी 28 वर्षांत ज्यांना तिथे बघितलं ते समाजकंटक नव्हते. मेंढ्या घेऊन चाललेले ठेलारी होते, म्हसरं तहानलेली शेतकरी माणसं होती, हंडा घेतलेल्या बाया होत्या. ज्यांच्या वावरातून, ज्यांच्या गावाच्या शिवेवरून शहराचं अडीच कोटी लिटर पाणी जातं आणि ज्यांच्या स्वतःच्या गावात आठ-आठ दिवस नळाला पाणी नसतं ती माणसं. व्हॉल्व्ह फोडणं चुकीचंच, एकदा गोळा निसटला की धार थांबत नाही, आणि लाइन बंद झाली की त्याच भोकातून चेंबरमधलं घाण पाणी, शेण-मूत, सगळं आत ओढलं जातं आणि ते शहरातल्या लेकरांच्या पोटात जातं. कावीळ, जुलाब कुठून येतात तर इथूनही येतात. पण यावर उपाय पोलीस केस नाही. आम्ही एका गावापाशी लाइनला अर्ध्या इंचाचं मीटरचं कनेक्शन आणि गुरांसाठी एक हौद करून दिला होता, त्यानंतर मी तिथे होतो तोपर्यंत त्या टप्प्यातला एकही व्हॉल्व्ह फुटला नाही. उलट तिथलीच पोरं फोन करायची, साहेब इथे ओल दिसतेय.

आता सगळीकडे स्काडा (कॉम्प्युटरवरून लाइनवर नजर ठेवायची यंत्रणा), सेन्सर, ऑनलाइन फ्लो मीटर यांचं बोललं जातं. मी विरोधात नाही, माझ्या वेळेला असतं तर आवडलं असतं, दाब पडला की दोन मिनिटांत कळतं आणि पंप बंद करता येतो, कांदा वाचला असता कदाचित. पण सेन्सरला जेसीबी दिसत नाही. हराळी दिसत नाही. दाब पडतो तो फुटल्यावर.

आपल्याच खान्देशात हे शहाणपण होतं हो. पांझरा नदीवरचे फड आठवा, बंधारा घालून पाट काढलेले, गावाची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. ती व्यवस्था पिढ्यानपिढ्या चालली ती दगड-चुन्याच्या ताकदीवर नाही चालली. पाटकरी होता पाणी वळवायला, जागल्या होता राखण करायला, वर हवालदार, आणि त्यांची पोटं शेतकरी पिकातून भरायचे. पाटावर माणूस ठेवायचा खर्च कोणाला जड वाटला नाही कारण माणूस नसला तर पाट राहणार नाही हे सगळ्यांना कळत होतं. आणि इंजिनीयरांबद्दल बोलायचं तर विश्वेश्वरय्या 1884 ला मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा सुरुवातीचं काम त्यांनी आपल्याच भागात केलं, दातर्तीला पांझरेच्या प्रवाहातून पाइपचा सायफन टाकला, ऐन पावसाळ्यात, जागेवर उभं राहून. 15 सप्टेंबरला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. त्या दिवशी दरवर्षी मनात यायचं की आज लाइनवर चालून यावं, ती जास्त खरी पूजा झाली असती.

माझी मागणी मोठी नाही. नवीन योजना मागत नाही, नवीन धरण मागत नाही. जिथे 40 किलोमीटरची लाइन आहे तिथे 5 माणसं ठेवा, कायमची, लाइनवरच्याच गावांतली, प्रत्येकाला 8 किलोमीटर, एक सायकल, एक फोन, एक सळई. रोजंदारीवर, ठेक्यावर नको, दर अकरा महिन्यांनी बदलणारा माणूस लाइन ओळखायला लागेपर्यंत जातो. ज्या गावांतून लाइन जाते त्यांना रीतसर मीटरचं पाणी द्या. वर्षातून दोन शटडाऊन ठरलेल्या तारखांना घेऊ द्या, एक दिवाळीनंतर आणि एक उन्हाळा लागायच्या आधी, व्हॉल्व्ह फिरवायला, जॉइंट बघायला. रस्त्याचं, केबलचं, कुठलंही खोदकाम असेल तर आधी लाइनच्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय बकेट जमिनीला लागू देऊ नका. दगड परत गाडा, दर दोनशे मीटरला.

आणि तुमच्याकडेही एक मागणी आहे, रागावू नका. शटडाऊनची नोटीस आतल्या पानात टेंडरांच्या शेजारी बारीक अक्षरात येते. ती पहिल्या पानावर छापा, कशासाठी बंद आहे, कुठल्या किलोमीटरला काय काम आहे, पाणी साधारण किती वाजता येईल. लोक समजून घेतात, माझा अनुभव आहे, एकदा मी वॉर्डात जाऊन पाइपाचा गंजलेला तुकडाच दाखवला होता, 8 मिलिमीटरचा पत्रा झिजून 3 चा झालेला, बायांनी हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या दोन दिवस घ्या भाऊ पण नीट करा. न सांगता पाणी गेलं की चिडतात, आणि का चिडू नये.

तुमच्या बातमीदाराला एक दिवस माझ्यासोबत पाठवा. सकाळी साडेपाचला निघू, ऊन व्हायच्या आत 8 किलोमीटर होतात. बूट घालून यायला सांगा, काट्या आहेत, आणि पाण्याची बाटली आणू द्या. तो जिथे मुरूम काढला होता तो बेंड त्याच वाटेवर आहे, गर्डर अजून तिथेच आहेत, आणि मागच्या महिन्यात मी सहज गेलो होतो तेव्हा त्याच्या पुढच्या नाल्यापाशी हराळी हिरवी दिसली. मी कळवलंय. अजून कोणी बघायला गेलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त सिव्हिल इंजिनीयर, धुळे जिल्हा
(नाव छापू नये ही विनंती)